गुरुवारी थंड होणारी विहीर

आकुर्डीकडचे एक म्हातारे शेतकरी, ज्यांना पुढे मी बाबा म्हणू लागलो, पहिल्यांदा आमच्या पुण्याच्या ऑफिसात आले तेव्हा मी जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. त्यांच्या हातात सरबताची जुनी बाटली होती. तोंडाला कागदाचा बोळा, आणि भोवती घोंगडीचा तुकडा घट्ट गुंडाळलेला.

“सायेब, हात लावून बगा,” ते म्हणाले. “निघालो तवा हिरीचं पानी चांगलं गरम हुतं. यष्टीत निवलं आसंल थोडं.”

मी हात पुसून बाटलीला लावला. कोमट होती. मी त्यांना बसायला सांगितलं आणि जे शिकलो होतो ते सांगितलं, की हिवाळ्यात विहिरीचं पाणी हाताला कोमटच लागतं. हवा गार असते, पाणी मात्र खाली आहे तसंच राहतं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “साठ वर्सं त्या हिरीचं पानी काडतुया मी. हिवाळ्यातलं कोमट मला ठावं हाय. ह्ये त्ये न्हाई.”

मी बाटली ठेवून घेतली आणि गावाचा पत्ता लिहून घेतला.

मी तेव्हा भूजलाच्या सरकारी खात्यात भूवैज्ञानिक होतो. वडलांना पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही बासष्ट साली चिंचवडला राहायला आलो होतो. तेव्हापासून मी या पट्ट्यातली जमीन कारखान्यांखाली जाताना बघत वाढलो. कॉलेजात असताना कोयनेचा भूकंप झाला. त्या पहाटे आमच्या खोलीतल्या फडताळातली भांडी वाजली आणि आई सगळ्यांना ओढत अंगणात घेऊन आली. दुसऱ्या दिवशी चाळीतले लोक म्हणू लागले, सह्याद्रीतला ज्वालामुखी जागा होतोय. त्यात काही तथ्य नव्हतं, पण तथ्य काय आहे ते मला नीट सांगता येईना, आणि त्या चिडीतून मी भूशास्त्र घेतलं.

बहात्तरच्या दुष्काळात नोकरी लागली. पुढची दोन-अडीच वर्षं चाकणपासून तळेगावापर्यंत मी विहिरी आणि बोअर सोडून दुसरं फारसं काही पाहिलं नाही. आपल्या पायाखालचा काळा खडक हा लाव्हाच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर येऊन थरावर थर पसरलेला. तो केव्हाच विझला आणि थंड झाला. उरली ती त्याची ठेवण. प्रत्येक थराचा मधला भाग टणक, पाणी न घेणारा. वरचा भाग भोकाभोकांचा, कारण लाव्हा गोठताना त्यातले वायू तसेच अडकले. दोन थरांच्या मध्ये कुठे लाल गेरूचा पट्टा, कुठे उभ्या सांधी. पाणी राहतं ते या भोकांत आणि सांधींत. त्यामुळे एका विहिरीला पाणी आणि पन्नास पावलांवरची कोरडी, हे आमच्याकडे नेहमीचं.

बाबांचं पाणी मी निकालात काढू शकलो नाही, त्याला आणखी एक कारण होतं. आदल्या वर्षी मला दोन महिने कोकणात पाठवलं होतं. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची पाहणी चालली होती. पेट्रोलचे भाव भडकले होते आणि जमिनीतल्या उष्णतेवर वीज काढता येईल का, अशी दिल्लीपासून चर्चा होती. मी वाफाळत्या कुंडांच्या काठी बसून तपमापक बुडवला, बाटल्या भरल्या. त्या झऱ्यांखालीही जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खोल भेगांतून फार खाली उतरतं, तिथे पृथ्वीच्या मूळच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. भेग हवी, पाणी हवं आणि खाली जाऊन परत यायला वाट हवी. घाटाखाली कोकणात अशा भेगा आहेत. घाटावर, आमच्या बाजूला, असं पाणी कुणाला सापडलं नव्हतं.

सापडलं तर ते माझं असणार होतं. हा विचार मी त्याच दुपारी केला, डबा संपवायच्या आत. हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या सोमवारी मी त्यांच्या गावी गेलो. आकुर्डी स्टेशनावरून चालत अर्ध्या तासाची वाट. बाबांची बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. विहीर आणि भोवतीचा एकरभर तुकडा तेवढा उरला होता. बांधाच्या पलीकडे एका कारखान्याची सिमेंटची भिंत. तिथे नळाच्या तोट्या, कडीकोयंडे असल्या वस्तूंवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवत. बाबांचा एकुलता एक मुलगा तिथेच मुलाम्याच्या खात्यात कामाला होता. जमीन गेलेल्या घरांतल्या एकेकाला नोकरी दिली होती, त्यातला तो.

मी पायऱ्या उतरून तपमापक बुडवला. पाणी खरोखर गरम होतं. कोकणातल्या कुंडांइतकं नाही, पण अंघोळीला विसण घालावं लागणार नाही इतकं. पाण्यावर अगदी फिकी पिवळट झाक होती.

“पिवळं कशानं हो?” बाबांच्या बायकोने वरून विचारलं. मी त्यांना पुढे मावशी म्हणू लागलो.

“गंधक असेल,” मी म्हणालो. “गरम झऱ्यांत असतो.”

गंधकाचा वास येतो. कोकणात तो लांबूनच नाकात शिरतो. इथे वास नव्हता. हे मला तिथे उभं असतानाही कळत होतं.

गंधक म्हटल्यावर मावशींचा चेहरा खुलला. त्यांच्या हाताला बरीच वर्षं खरूज होती. गंधकाच्या पाण्याने कातडीचे रोग जातात हे सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवसापासून त्या रोज त्या पाण्याने अंघोळ करू लागल्या. बाबा सकाळी उठून एक तांब्या पिऊ लागले, पोटाला बरं म्हणून. हे मला नंतर कळलं. पण शब्द माझाच होता.

मी दोन महिन्यांत चार-पाच फेऱ्या केल्या. एका फेरीत मावशी म्हणाल्या, “गुरवारी येऊ नगा हं सायेब. गुरवारी पानी थंड आसतंया.”

“गुरुवारी का?”

“दत्ताचा वार न्हवं का? देव उपास धरतो. शुक्रवारी दुपारच्याला पुन्हा गरम.”

मी हसलो. पण वहीत लिहून घेतलं: पाण्याचे तापमान आवर्ती पद्धतीने कमीजास्त होते. जगात काही गरम झरे ठरावीक वेळाने उसळतात, काहींचं पाणी चढतं-उतरतं, हे मी वाचलं होतं. एका बाईने सांगितलेली सरळ गोष्ट मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून टिपून ठेवली. वार मी लिहिला नाही. आवर्ती, एवढंच लिहिलं.

आमच्या प्रयोगशाळेत एक बाई होत्या, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या, कमी बोलणाऱ्या. नमुन्याचा तक्ता घेऊन त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

“क्षार वाढलेले आहेत. सल्फेट बरंच आहे,” त्या म्हणाल्या. “पण सिलिका बघा. साध्या विहिरीइतकीच आहे.”

“मग?”

“खोलातून तापून आलेलं पाणी खडकातली सिलिका विरघळवून आणतं. तुमच्या कोकणच्या नमुन्यांत केवढी होती. हे पाणी खोलातून आलेलं दिसत नाही.”

“वर आल्यावर थंड पाण्यात मिसळत असेल. म्हणून कमी.”

“सिलिका मिसळून कमी झाली, मग सल्फेट कसं नाही झालं?” त्यांनी तक्ता माझ्या पुढ्यात ठेवला. “मला वाटतं तुम्ही थांबावं. रंग कशाचा आहे ते मी बघते. त्याला वेगळी परीक्षा लागेल, आपल्या नेहमीच्या तपासणीत ती नसते. रसायन मागवावं लागेल. महिना जाईल.”

मला महिना नव्हता. भूऔष्णिक प्रशिक्षणासाठी एका माणसाला परदेशी पाठवायचं होतं आणि नावं जायची तारीख जवळ आली होती. आमच्या खात्याच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, “तुमच्या त्या विहिरीचं काय? काही असेल तर दोन ओळी द्या.” मी दोन ओळी दिल्या. सदर विहिरीच्या पाण्याचे तापमान आसपासच्या विहिरींपेक्षा लक्षणीय अधिक असून ते भूऔष्णिक स्वरूपाचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

त्या वाक्यात खोटं एक अक्षरही नव्हतं. सरकारी मराठीची हीच सोय आहे. शक्यता नाकारता येत नाही, म्हणजे मी काहीच म्हटलेलं नाही, आणि ऐकणाऱ्याला मात्र जे हवं ते ऐकू येतं.

पत्राची एक प्रत नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीला गेली. सरपंचांनी ती काचेच्या चौकटीत घालून विहिरीच्या काठाला लावली. खाली माझी सही. आठवड्याभरात लोक येऊ लागले. चिखलीहून, देहूरोडहून, काही थेट चाकणहून, बैलगाडीत घालून आणलेले. संधिवाताचे, इसबाचे, पायाला जखमा असलेले. मावशींनी कुणाकडून काही घेतलं नाही. उलट त्या बायांसाठी साड्यांचा आडोसा करून देत. बाबा काठावर बसून माझ्याकडून ऐकून पाठ झालेली थरांची माहिती येणाऱ्यांना सांगत. वरला मुरूम, मग भोकाचा खडक, मग तांबडा गेरू, मग काळा. एकदा मला पाहून ते उठून उभे राहिले आणि लोकांना म्हणाले, “ह्ये बगा आमचं सायेब. ह्यांनी हुडीकलं.”

उन्हाळा संपता संपता मावशींच्या हातांना भोकं पडू लागली. खरूज गेली नव्हती. त्या जागी बोटांच्या पेरांवर गोल, खोल, कडा उचललेल्या जखमा झाल्या होत्या. दुखत फारशा नव्हत्या, पण भरत नव्हत्या. “आतला रोग भाईर पडतोय,” त्या म्हणाल्या. मी त्यांना डॉक्टरला दाखवायला सांगितलं आणि निघून आलो. स्टेशनावर बसून मी स्वतःला सांगितलं की गरम पाण्याने कातडी नाजूक होते.

बाबा आजारी पडल्याचं पोस्टकार्ड आलं ते मुलाच्या अक्षरातलं. चार ओळी. वडिलांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं आहे, उलटीत काळं पडतं, लघवी होत नाही, आठवण काढतात. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. बाबा सुजले होते. डोळे उघडून त्यांनी मला ओळखलं.

“पानी बंद केलंय हितं मला,” ते म्हणाले. “तांब्याभर आपल्या हिरीचं मिळालं आसतं तर सुटलो आसतो.”

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली आहेत, का गेली ते सांगता येत नाही, या वयात जातात. चौथ्या दिवशी बाबा गेले.

मी घरच्यांना भेटायला गावी गेलो तो गुरुवार होता. ठरवून नाही, रजा त्या दिवशी मिळाली म्हणून. घरात बायका बसल्या होत्या. मुलगा कुठे आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, विहिरीकडे गेलाय. मी बांधावरून चालत गेलो. तो पायऱ्यांवर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि काही सुचेना म्हणून हात पाण्यात घातला. पाणी थंड होतं.

मी वर पाहिलं. भिंतीपलीकडच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. नेहमीचा घरघराट नव्हता. विजेचा भार वाटून घ्यायला आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असे. चिंचवडला राहणाऱ्या प्रत्येक माणसाला हे माहीत होतं. माझ्या वडलांनी बारा वर्षं गुरुवारी सुट्टी घेतली होती. गुरुवारी आमच्याकडे मटण असे. मला पाण्यात हात तसाच ठेवून बसावंसं वाटलं, कारण बाहेर काढला की काहीतरी बोलावं लागलं असतं.

“तुमचं पाणी कुठे जातं?” शेवटी मी विचारलं. “कारखान्याचं. धुतलेलं.”

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याचा आवाज नाकातून येत असे. मला वाटायचं त्याला कायमची सर्दी आहे. त्या दिवशी जवळून पाहिलं तर दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजून आरपार भोक पडलं होतं. मुलाम्याच्या टाक्यांवरच्या वाफेने ते होतं, हे मला पुढे प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितलं.

“आधी वड्यात सोडायचे,” तो म्हणाला. “वड्याचं पानी पिवळं व्हाया लागलं तशी खालच्या गावची लोकं भांडाय आली. मग साहेबानं मागच्या बाजूला एक आटलेली बोअर हुती, त्यात पाइप सोडला. बॉयलरचं गरम पानी बी त्यातच. दिस-रात. सगळं गपगुमान खाली जातंय, राव. भरत बी न्हाई.”

“पाइपाची चावी कोण सोडतं?”

“पयल्या शिफ्टला मी.”

मी पाण्यातून हात बाहेर काढला.

“मला काय ठावं खालून वाट हाय ते?” त्याचा आवाज चढला. “जिमीन गिळती, आसं साहेब म्हनला. गुरवारी थंड पडतंय म्हनल्यावर एकदा माज्या मनात आलं. मग तुमचा कागूद लागला. म्हनलं, एवढा शिकलेला मानूस सांगतोय खालनं येतंय, तर आपन कोन?” मग अगदी हळू म्हणाला, “सायेब, तुमी कागूद लिवला आन म्या चावी सोडली. दोगांनी मिळून म्हाताऱ्याला पाजलं.”

त्याने ते रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

बोअरचं तोंड आणि विहीर यांत फार तर शंभर पावलांचं अंतर होतं. आणि मी त्या विहिरीत उतरून थर मोजले होते. गेरूच्या पट्ट्यावरचा भोकाभोकांचा खडक मी स्वतःच्या हाताने नकाशात काढला होता, त्यातून पाण्याची बारीक धार येताना पाहिली होती, आणि धार कुठल्या बाजूने येते तेही लिहिलं होतं. भिंतीच्या बाजूने. खरा गरम झरा खालून, खडक चिरून वर येतो. हे पाणी आडवं येत होतं.

पटलं होतं तरी सिद्ध करायला हवं होतं. आमच्याकडे भूमिगत पाण्याची वाट शोधायला एक लालसर भुकटी असे. पाण्यात पडली की ते हिरवंगार दिसतं. मी एक पुडी त्याला दिली. कुणी पाहिलं तर नोकरी जाईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेराव्यानंतर कामावर गेल्या गेल्या पहिल्या शिफ्टला, सकाळी सात वाजता, त्याने ती चावीपाशी पाइपात ओतली. मी सकाळपासून विहिरीच्या पायरीवर बसून होतो. लोक अंघोळीला येत होते आणि मी त्यांना परत पाठवत होतो. एक बाई माझ्यावर चिडली, काठावरच्या चौकटीकडे हात करून म्हणाली, “सरकारनं लिवून दिलंय, तुमी कोन अडवनार?” ती सही माझी आहे हे मी तिला सांगितलं नाही. दगड घेऊन चौकट काठावरून उचकटली आणि काढून ठेवली.

दोनच्या सुमाराला गेरूच्या पट्ट्यावरून हिरवी धार आली. आधी दोऱ्यासारखी. मग पसरत गेली. चार वाजेपर्यंत अर्धी विहीर पोपटी झाली होती. मावशी वर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी समजावून सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पदरात गुंडाळले, आणि घराकडे वळल्या.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी मागवलेलं रसायन लांबत लांबत त्याच आठवड्यात आलं होतं. त्यांनी माझ्यासमोर परीक्षानळीत दोन थेंब टाकले आणि पाणी जांभळं झालं. “क्रोमियम,” त्या म्हणाल्या. “विषारी जातीतलं.” “मी सांगितलं होतं,” असं त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही आणि नंतर नोकरीच्या उरलेल्या वर्षांतही कधी म्हटलं नाही.

मी सविस्तर अहवाल लिहिला, नकाशासकट. त्यात माझं आधीचं पत्र चुकीचं होतं असं स्पष्ट लिहिलं. साहेबांनी तो दोनदा वाचला.

“तीन-चार महिन्यांपूर्वी तुम्हीच लिहिलंत भूऔष्णिक आहे,” ते म्हणाले. “आता लिहिताय कारखान्याचं आहे. उद्या विधानसभेत प्रश्न आला तर मी कुठला कागद दाखवू?”

“दुसरा, सर.”

“आणि त्या म्हाताऱ्याच्या मृत्यूचं यात कशाला? डॉक्टरांनी लिहिलंय का तसं?”

नव्हतं लिहिलं. ते वाक्य निघालं. मग नकाशाही निघाला. उरलेला कागद संबंधितांकडे गेला. कारखान्याने बोअर सिमेंट ओतून बुजवली, विहीर विकत घेतली आणि तीही बुजवली. सांडपाणी पुन्हा ओढ्यात गेलं. मुलाला शिस्तभंगाचं कारण दाखवून काढून टाकलं. कुणीतरी त्याला पाइपात पुडी ओतताना पाहिलं होतं. मी त्याच्या बाजूने लेखी साक्ष द्यायला गेलो, तर मला सांगितलं की सरकारी नोकराला खासगी कंपनीच्या चौकशीत बोलता येत नाही. त्यावरही मी काही केलं नाही.

प्रशिक्षणाला माझं नाव लागलं. पहिलं पत्र वेळेत पोचलं होतं, दुसरं त्या फाइलीपर्यंत गेलंच नाही. मला नाही म्हणता आलं असतं. मी गेलो.

तिथे मी पहिल्यांदा जिवंत ज्वालामुखीचा मुलूख पाहिला. जमिनीतून वाफेचे लोट, पायाखाली गरम माती. आम्हाला शिकवणारा म्हातारा अभियंता दोन बोअरपाशी घेऊन गेला. एकीतून वाफ गर्जत होती. दुसरी, तिच्याहून खोल, मुकी. तो म्हणाला, “आग दोन्हींच्या खाली सारखीच आहे. इथे खडक फाटलेला आहे, वरून पाऊस आत शिरतो आणि वर चिकणमातीचं झाकण आहे, म्हणून वाफ कोंडून राहते. तिथे खडक अखंड आहे. पाण्याला वाट नाही, तर आग असून नसून सारखी.” मग त्याने बजावलं की सगळ्यात आधी पाणी कुठून आलं ते विचारा, गरम किती आहे ते मागाहून. बाकीचे वहीत लिहून घेत होते. मी त्या मुक्या बोअरच्या लोखंडी तोंडावर हात ठेवून उभा होतो. ते थंड होतं.

परत आल्यावर दोनेक वर्षांनी, ऐंशीच्या सुमाराला, मी मावशींना आणि त्यांच्या मुलाला शोधून काढलं. उरलेला तुकडा विकून ते काळेवाडीत राहायला गेले होते. एक खोली आणि पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान. मुलगा चाकात वारा भरत होता. त्याने मला ओळखलं, पंप बाजूला ठेवला, “या,” म्हणाला आणि आत आईला हाक मारली. दुकानात गिऱ्हाईक असल्यामुळे तो आत आला नाही. किंवा त्याला यायचं नसेल.

मावशी खूप वाकल्या होत्या. हातावरच्या जखमा भरल्या होत्या, पण पेरांवर पांढरे खड्डे राहिले होते. त्यांनी नळाच्या पाण्याचा चहा केला. मला बसवत नव्हतं. मी म्हणालो, मावशी, मी माफी मागायला आलोय. जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. गंधक मी उगाच म्हणालो, गुरुवार मला तेव्हाच कळायला हवा होता, प्रयोगशाळेतल्या बाईंनी थांबा म्हटलं होतं आणि मी थांबलो नाही. परदेशाचंही सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “ती खालची हिरवी वाट बुजली का?”

“बोअर बुजवली. पण खडकात जे मुरलंय ते तिथेच आहे. भोकाभोकांत बसलंय. दर पावसाळ्यात थोडं थोडं पुढे सरकणार.”

“किती वर्सं?”

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. हे उत्तर देताना मला पहिल्यांदाच काही झाकायचं नव्हतं.

बाहेर मुलगा गिऱ्हाइकाशी नाकातल्या आवाजात बोलत होता. चहाचा कप मी तसाच धरून होतो, प्यायलो नव्हतो. त्यांनी तो पाहिला, पण आग्रह केला नाही.

“शेजारनी म्हनत हुत्या, ते पानी पिऊ नगा, पिवळं दिसतंया,” त्या म्हणाल्या. “मी बी म्हनलं एकदा. तर हे माज्यावर खेकसले. म्हनले, सायबानं आत उतरून बघितलंय, हात घालून बघितलंय. त्यो खोटं कशाला सांगंल?”

मी चहा प्यायलो. थंड झाला होता. त्या कप घेऊन मोरीकडे गेल्या आणि विसळत पाठमोऱ्या तशाच उभ्या राहिल्या. मी पिशवी उचलली आणि दुकानातून बाहेर पडलो.